पुदिन्याची कांडी

बाईंनी मला खोली दिली ती माझं खाणं बघून.

पिशोरहून सकाळच्या गाडीनं वडील आणि मी औरंगाबादला उतरलो होतो. मला टेलिफोन ऑफिसात ऑपरेटरची नोकरी लागली होती आणि औरंगपुऱ्यामागच्या एका गल्लीत एक विधवा बाई एकट्या मुलींना खोली देतात, असं वडिलांना कुणीतरी सांगितलं होतं. ऊन नुसतं रणरणत होतं. दार उघडलं ते एका उंच, काटकुळ्या बाईंनी. पांढरं सुती लुगडं, कपाळ कोरं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी आमचं नाव विचारलं नाही, गाव तेवढं विचारलं. मग आत गेल्या आणि परत येऊन माझ्या हातात एक कांडी दिली. बांबूच्या काडीवर गोठवलेली, हिरवट-पिवळी, अंगावर धुरासारखी वाफ.

"खा," त्या म्हणाल्या. "इथंच. माझ्यासमोर."

मी तोंड उघडलं तोच कडाडल्या, "दात नाही! दात मागं ठेव. जीभ कशाला दिलीय?"

घाबरून मी जीभ लावली. आधी आंबट, मग गोड, मग एकदम पुदिन्याचा गार झोत नाकात चढला. तेवढा वेळ बाई माझ्या तोंडाकडं एकटक बघत होत्या. काडीवरून एक थेंब मनगटावर ओघळला, तो मी चाटून घेतला. वडिलांनी डोळे वटारले. बाई त्यांच्याकडं वळून म्हणाल्या, "वाया घालवत नाही पोरगी. घाईपण नाही तिला. सामान आणा."

त्या दिवसापासून मी 'पिशोर' झाले. बाई कुठल्याच भाडेकरूला नावानं हाक मारत नसत. माझ्या आधीची 'सोयगाव' होती. ती कांडी कडाकडा चावायची म्हणून बाईंनी तिला घालवून दिलं, असं गल्लीत बोललं जाई. खरं-खोटं मला माहीत नाही, पण त्या घरात पहिले काही महिने मी चपला हातात घेऊन जिना चढत होते हे खरं. बाईंचा आवाज मोठा नव्हता. त्या ओरडत नसत. नुसतं "ए पिशोर" म्हणाल्या की आपलं काय चुकलं ते आठवायला लागायचं.

त्यांचे यजमान निजामाच्या काळात कोर्टात कारकून होते. त्यांच्यामुळं बाईंच्या बोलण्यात 'फौरन', 'इंतजाम', 'तकलीफ' असे शब्द सहज यायचे. मूलबाळ नव्हतं. यजमान जाऊनही बरीच वर्षं झाली होती. घरात किमती वस्तू एकच: फ्रिज. गल्लीत तो एकमेव होता. पोलीस ॲक्शननंतर एक मोठं घराणं शहर सोडून निघालं, त्यांचे कागद बाईंच्या यजमानांनी लिहून दिले होते. जाताना त्या घरच्या बेगमसाहेबांनी तो फ्रिज बाईंकडं पाठवून दिला आणि एवढंच सांगितलं, "इसकू खाली नक्को रखो." रिकामा ठेवू नका. बाईंनी ते इतकं मनावर घेतलं की वीस वर्षं झाली तरी तो फ्रिज एक दिवस रिकामा राहिला नव्हता. दिसायला कपाटाएवढा, पांढऱ्याचा पिवळा पडलेला, आणि चालू झाला की सगळं घर घुमायचं.

उन्हाळ्यात त्या फ्रिजमध्ये दुधालासुद्धा जागा नसायची. पाडव्याला कडुलिंबाच्या फुलांची कांडी व्हायची. ती कडू विषासारखी, आणि ज्यांच्यावर राग असेल त्यांना बाई ती आग्रहानं खायला लावायच्या. मग मोसंबी आणि तुळस. टरबुजाच्या रसात फुगवलेला सब्जा. दौलताबादचे अंजीर मिळाले तर अंजीर आणि गुलाबपाकळी. जांभळं निघाली की जांभूळ आणि ओव्याची पानं, वरून काळं मीठ. पण सगळ्यांत जास्त व्हायची ती कैरी-पुदिन्याची. पुदिना त्यांच्याच मागच्या अंगणातला, फुटक्या बादल्यांमध्ये लावलेला. रस ओतायला शहागंजातल्या पत्रेवाल्याकडून मुद्दाम करून घेतलेली ॲल्युमिनियमची नळकांडी होती. काड्या त्या स्वतः काचकागदानं घासायच्या. कुणाच्या जिभेला कूस लागली तर मग कांडी केली कशाला, असं म्हणायच्या.

विकत मात्र एकही कांडी द्यायच्या नाहीत. मिठाईचं दुकान असलेला एकजण मागणी घेऊन आला होता. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याला कडुलिंबाची कांडी खायला लावली आणि दार लावून घेतलं.

त्यांना खरा धाक होता पाण्याचा. "बाजारचा बर्फ म्हणजे गोठवलेलं गटार," त्या म्हणायच्या. कांडीचं पाणी दोनदा उकळायचं, फडक्यातून गाळायचं, झाकून निववायचं. नळ गल्लीत दिवसातून थोडा वेळच यायचा आणि उन्हाळ्यात तोही करंगळीएवढा. बाई दारोदार जाऊन सांगायच्या, पाणी उकळा, पोरांना कच्चं पाजू नका. रॉकेलच्या रांगेत उभं राहून कावलेल्या बायका तोंडावर "व्हय बाई" म्हणायच्या आणि कच्चंच प्यायच्या. ऐकलं फक्त समोरच्या सुमननं. सुमनचा नवरा रंगनाथ एसटीत कंडक्टर होता. बाईंनी सुमनच्या चुलीपाशी बसून, तिच्याकडून पाणी उकळवून घेऊन तिला ती सवय लावली होती. कारण सुमनची मुलगी छबी.

छबी सात-आठ वर्षांची असेल. तिला सगळं माफ होतं. ती कांडी चावायची, अर्धी सांडायची, "आज आंबट झालीय" असं बाईंच्या तोंडावर सांगायची. बाई तिला ओट्यावर बसवून नव्या घाण्याची पहिली कांडी द्यायच्या आणि ती काय म्हणते याची वाट बघत उभ्या राहायच्या. दुसऱ्या कुणाच्या मताची त्यांना अशी वाट बघताना मी कधी पाहिलं नाही.

ज्या उन्हाळ्याबद्दल सांगायचं आहे, तो फार वाईट होता. पाणी दिवसाआड झालं. विहिरी आटल्या. आणि गल्लीत पोरं आजारी पडायला लागली. आधी टोकाच्या घरातला एक मुलगा, मग त्याच्या शेजारचे दोघं भाऊ. ताप, उलट्या, आणि मग डोळे हळदीसारखे पिवळे. कावीळ. बायका ओट्यांवरून एकमेकींशी बोलायच्या आणि मी गेले की गप्प व्हायच्या. मला कळेना, मी काय केलं. एकदा दुधाच्या रांगेत एका म्हातारीनं विचारलंच, "तुमच्या बाई कांडीत काय घालू लागल्या हो सध्या?"

मी घरी येऊन बाईंना सांगितलं नाही. सांगायची हिंमत झाली नाही.

मग छबी पडली.

त्या दिवशी माझी दुपारची ड्यूटी होती, म्हणून सकाळी मी घरीच होते. खाली आवाज वाढला तशी जिन्यात आले. ओट्यासमोर दहा-पंधरा माणसं जमली होती. पुढं रंगनाथ, खाकी कपड्यांत, डोळे जागरणानं लाल. त्याच्या मागं सुमन, खांद्यावर छबी, हातात गाठोडं. छबीचे पाय सुमनच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते आणि हलत नव्हते. बाई दारात उभ्या होत्या.

"बाई, काय घातलं व्हतं कांडीत? खरं सांगा," रंगनाथ म्हणाला.

बाईंचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. त्या खाली उतरल्या, गर्दीतून सरळ सुमनपाशी गेल्या आणि छबीची पापणी बोटानं वर केली. 

"कधीपासून झोपलीय ही?"

"रात्रीपासनं उठंना बाई," सुमन रडत म्हणाली. "हाक मारली तर नुसती कण्हतीय."

"दवाखान्यात न्या. फौरन."

"तुम्ही शिकवू नका आम्हाला!" रंगनाथनं त्यांचा हात झटकला. "सोयगावकडं माणूस हाय. काविळीचं औषध नाकात घालतो. तिकडं न्यायलोय तिला."

"फर्दापूरपर्यंत गाडी, पुढं दुसरी. ह्या उन्हात. पोरगी पोचायची नाही, रंगनाथ."

"तुमच्यामुळंच झालं ना हे समदं!"

मागून कुणीतरी ओरडलं, "आधी तो फ्रिज फोडा!" दोघं-तिघं पुढं सरकले. एकाच्या हातात पहार होती. मला वाटलं, आता बाई दार अडवतील. मी जिन्याचा कठडा घट्ट धरला होता. बाई परत ओट्यावर चढल्या आणि दारातून बाजूला झाल्या. 

"या आत. फोडा," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, ना वर ना खाली. "पण पोरीला एसटीत घालू नको, रंगनाथ. तिला दवाखान्यात ने. मग येऊन मला मार. मी कुठं जात नाही."

पहारवाल्यानं पहार खाली टेकवली. निर्णय घेतला तो सुमननं. तिनं गाठोडं तिथंच टाकलं, पोर सावरली आणि टांगा स्टँडकडं चालायला लागली. मी चपला न घालताच तिच्या मागं पळाले. पोळणारा रस्ता मला टांग्यात बसल्यावर जाणवला. थोड्या वेळानं रंगनाथही टांग्याच्या मागं सायकल हाणत येताना दिसला.

डॉक्टरांनी छबीला बघितलं आणि लगेच सलाइन लावलं. रंगनाथनं सोयगावचं नाव काढलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "प्रवासात हाती लागली नसती." पण लागलीय, असंही त्यांनी म्हटलं नाही. काही दिवस सांगता येणार नाही, म्हणाले.

ड्यूटी बुडवून संध्याकाळी मी घरी आले तर घर घुमत नव्हतं. काय वेगळं आहे ते कळायला मला जरा वेळ लागला. फ्रिजचं दार सताड उघडं होतं, वायर काढून ठेवलेली. फ्रिज कुणी फोडला नव्हता. गल्लीतली माणसं दारात असतानाच बाईंनी स्वतः एकेक नळकांडं काढून मोरीत उपडं केलं होतं. माणसं बघत राहिली आणि एकेक करून निघून गेली. मोरीतून कैरीचा आणि पुदिन्याचा वास येत होता. बाई पाटावर बसून काड्या मोडत होत्या, एकेक, हळूहळू.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

मी डॉक्टर म्हणाले ते सांगितलं.

"हं," त्या म्हणाल्या आणि पुढची काडी मोडली.

पुढचे दिवस मला अजून आठवतात. गवळी आमच्या दारी थांबेना. बाई बाहेर निघाल्या की बायका पोरांना आत ओढून घेत. एका सकाळी दारावर शेण फेकलेलं होतं, ते बाईंनी पाणी टाकून धुतलं, त्यात बरोबर एक बादली गेली आणि आमच्याकडं स्वयंपाकाला पाणी उरलं नाही. पिशोरला बातमी पोचली. वडील आले, मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, सामान बांध. लोक काय बोलायलेत ऐकलंस का?" मी म्हणाले, मी ह्याच घरातलं पाणी पिते, मला तर काही झालं नाही. वडील म्हणाले, "तुला लहानपणी होऊन गेलीय कावीळ. विसरलीस व्हय?" मला आठवत नव्हतं. तरी मी गेले नाही. बाईंनी ते आतून ऐकलं असणार. रात्री त्यांनी मला भाकरी जरा जास्त तूप लावून वाढली.

मग गल्ली खोदली गेली. नळाला घाण वास यायला लागला म्हणून आरडाओरड झाली होती. खोदणाऱ्यांना टोकाच्या घराजवळ काय ते सापडलं. त्या घरानं उन्हाळ्याच्या तोंडावर नळाचा नवा जोड घेतला होता. तो बसवताना जुना पाइप तडकला होता, आणि शेजारून गटार वाहत होतं. नळ बंद असला की गटाराचं पाणी पाइपात, नळ सुटला की ते घराघरांत. बघायला सगळी गल्ली खड्ड्याभोवती जमली. ज्या घरात पहिला मुलगा आजारी पडला, तेच ते घर.

त्याच संध्याकाळी उजेड असतानाच माणसं परत बाईंच्या ओट्यासमोर आली. ह्या वेळी पहार नव्हती. गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ पुढं झाले, टोपी काढली आणि म्हणाले, "बाई, आमचं चुकलं. तुम्ही दोनदा पाणी उकळणाऱ्या, आणि आम्ही तुमच्यावरच आळ घेतला." बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. रंगनाथ दवाखान्यातून जेवायला घरी आला होता. तो मागं उभा होता. तोही पुढं आला. हात जोडून म्हणाला, "बाई, पोरीच्या काळजीनं बोललो. मनावर घेऊ नका."

मला एकदम हलकं वाटलं. बाईंच्या चेहऱ्याकडं मी बघितलं, आता तो सैल पडेल असं वाटून. तो दगडासारखा होता.

"तो जोड कधी घेतला?" त्यांनी विचारलं.

"होळी झाल्यावर," कुणीतरी सांगितलं.

बाई रंगनाथकडं वळून म्हणाल्या, "तुझ्या घरात पाणी उकळतात की नाही?"

"व्हय. सुमन कच्चं पाजतच नाय पोरीला. तुम्हीच तर शिकवलं."

"शाळेत काय पिते?"

"घरनंच बाटली नेते."

"मग तिच्या पोटात ते पाणी गेलं कुठून?"

रंगनाथ गोंधळला. बाकीचेही. 

"पाणी मी दोनदा उकळते," बाई म्हणाल्या. "पुदिना उकळत नाही. उकळला की त्याचा रंग जातो, काळपट होतो. म्हणून पुदिना मी नळाखाली धुते आणि तसाच वाटून घालते. पाडव्यापासून तसाच घातलाय. बाकीच्या पोरांचं मला माहीत नाही, ती घरचं कच्चं पाणी पितात. पण छबीच्या पोटात ते माझ्याच हातून गेलं. दुसरी वाट नाही."

"बाई, अहो..." मी नकळत म्हणाले. 

"तू मध्ये बोलू नको, पिशोर."

ते वयस्कर गृहस्थ म्हणाले, "असं कसं ठामपणे सांगता येईल? लेकरू कुठंही पाणी पितं. शेजारी पितं, खेळताना पितं. राहू द्या ना बाई. संपलं ते आता."

"संपलेलं नाही. पोरगी अजून दवाखान्यात आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही माझी माफी मागायला आलात. ती मी घेतली असती तर ती चोरी झाली असती. म्हणून सांगितलं."

रंगनाथचे जोडलेले हात अजून तसेच होते. ते त्यानं हळूच खाली सोडले. बाईंकडं बघितलं. त्या नजरेत मारण्यापेक्षाही वाईट काहीतरी होतं. मग वळला आणि सायकल घेऊन निघून गेला. माणसं पांगली.

दुसऱ्या दिवसापासून बाई रोज सकाळी दवाखान्यात जायला लागल्या. आत मात्र जायच्या नाहीत. बाहेर लिंबाच्या झाडाखाली पेशंटचे नातेवाईक चुली मांडून बसायचे, त्यांच्यात एका कडेला जाऊन बसायच्या. ड्यूटीवर जाताना मी डबा नेऊन द्यायचे. 

"आत या ना. सुमन काही म्हणायची नाही," मी एकदा म्हणाले.

"मला बघून रंगनाथ भडकेल. वॉर्डात गडबड नको."

"मग इथं बसून काय होतंय?"

"काही होत नाही," त्या म्हणाल्या. "घरी बसवत नाही, एवढंच."

छबीची तब्येत दोनदा फार बिघडली. एकदा तर सुमन व्हरांड्यात येऊन भिंतीवर डोकं आपटून घ्यायला लागली. झाडाखालून बाई उठल्या, दोन पावलं पुढं गेल्या आणि परत मागं येऊन बसल्या. मी जवळच होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि इतकं आवळलं की बांगडी फुटली. तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

मग एका दुपारी सुमन बाहेर आली. सरळ झाडाकडं आली. बाई रोज तिथं असतात हे तिला कधीपासून माहीत होतं कोण जाणे. बाई उठून उभ्या राहिल्या.

"डोळे उघडले तिनं," सुमन म्हणाली. "माझ्याशी बोलली. पाणी मागितलं."

बाईंनी मान हलवली. पिशवी उचलली आणि भर उन्हात चालत घरी गेल्या. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात आल्या नाहीत.

छबी घरी आली तेव्हा नुसती हाडं राहिली होती. समोरच्या खिडकीत तिला गोधडीवर टेकवून बसवायचे. डॉक्टरांनी साखर, फळं, रस भरपूर द्यायला सांगितलं होतं, पण ती तोंडच उघडेना. ऊस दिला, मोसंबी दिली, सगळं परत. सुमन वाटी घेऊन मागं लागायची, रंगनाथ आधी गोडीनं सांगायचा मग ओरडायचा, मग स्वतःच बाहेर निघून जायचा. आमच्या घरात ते सगळं ऐकू यायचं. बाई खिडकी लावून घ्यायच्या.

एका सकाळी सुमन आमच्या दारात उभी राहिली. आळ आल्यापासून गल्लीतलं कुणी ओटा चढून दारात पहिल्यांदाच आलं होतं.

"बाई, तिला कांडी पाहिजे."

बाई गहू निवडत होत्या. "मिळणार नाही," खाली बघूनच म्हणाल्या. 

"दुसरं काही घेत नाय. डॉक्टरला विचारलं, चालतं म्हणाले."

"डॉक्टर माझा पुदिना धुवायला येणार नाही. माझ्या हातचं मागू नको, सुमन. घरी जा."

"तिच्या अंगात काही राहिलं नाय हो. असंच चाललं तर..." सुमन उंबऱ्यावरच बसली. "मी इथून उठणार नाय. काय करायचं ते करा."

गव्हाचं सूप बाजूला सारून बाई म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला माहीत आहे, तू इथं आलीयस ते?"

"नाय."

"मग त्याला आधी सांग."

सुमन गेली. समोरून रंगनाथचा चढलेला आवाज आला, मग सुमनचा. सुमनचा आवाज एवढा मोठा मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मग दोघांचेही आवाज थांबले. सुमन परत आली, चेहरा रडून सुजलेला, पण पदर खोचलेला.

"सांगितलं. चला."

"मी हात लावणार नाही," बाई म्हणाल्या. "तू कर. मी सांगते."

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून ऑफिसात फोन करून अर्धी रजा टाकली. मला त्या स्वयंपाकघरातून हलवत नव्हतं. कैऱ्या सुमनच्या घरच्याच होत्या. मागच्या अंगणातला पुदिना सुमननं स्वतः खुडला. स्टोव्हवर पाणी आधणाला आलं तसा तिनं तो त्यात सोडला. पानं बघता बघता गडद झाली, मग काळपट. 

"रंग गेला," बाई म्हणाल्या. 

"जाऊ द्या."

पाणी उसळत होतं. बाई दोन हात मागं बांधून भिंतीशी उभ्या होत्या, त्यांना ते हात पुढं येऊ द्यायचे नव्हते हे दिसत होतं. सुमन पानांकडं बघत होती. अचानक ती म्हणाली, "आमच्या यांच्या मनातून अजून जात नाय. वेळ लागंल. पण मी तुम्हाला माफ केलंय, बाई. त्या झाडाखाली बघितलं तेव्हाच."

बाईंचा चेहरा कसा झाला ते मला सांगता यायचं नाही. क्षणभर वाटलं, आता त्या कोसळतील.

"माफी राहू दे," त्या म्हणाल्या. "पातेलं धर. उतू चाललंय."

फ्रिज पुन्हा चालू झाला. रात्रभर घर घुमत राहिलं आणि माझी खात्री आहे, बाई रात्रभर जाग्या होत्या. दुसऱ्या दिवशी कांडी न्यायला आला तो रंगनाथ. ड्यूटीवर निघालेला, खाकी कपडे, डोक्यावर टोपी. तो बाईंकडं बघत नव्हता. बाईंनी नळकांडं कोमट पाण्यात धरून कांडी सोडवली. आता हात लावावाच लागला. तपकिरी, गढूळ, कुणालाही खावीशी वाटणार नाही अशी कांडी होती ती. बाईंनी दुसरी एक काढली, त्याच्यासमोर स्वतः तोंडात धरली आणि रस गिळला.

"मला काही झालं नाही तरच पोरीला द्यायची, असं म्हणत असशील तर उद्या ये," त्या म्हणाल्या. 

रंगनाथनं पहिल्यांदा त्यांच्याकडं बघितलं. "द्या इकडं," म्हणाला. कांडी घेतली, बाहेरचं ऊन बघितलं, टोपी काढून कांडीवर धरली आणि लांब ढांगा टाकत गल्ली ओलांडली.

बाई खिडकीशी गेल्या. समोरचं आतलं काही दिसत नव्हतं. आधी सगळं शांत होतं. मग छबीचा बारीक, चिरका आवाज आला, मग सुमन काहीतरी म्हणाली, मग पुन्हा छबी.

"रडतीय का?" बाईंनी मला विचारलं. त्यांनी खिडकीचा गज धरला होता. "थुंकली का? काय म्हणतीय?"

मी कान देऊन ऐकलं.

"आणखी मागतीय."

बाई खिडकीपासून वळल्या. पदर खोचला आणि स्टोव्हला पंप मारायला बसल्या.